पायी पोचता येईल अशी राजधानी

डिसेंबर लागायच्या आत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या दुभाजकांना रंग लागतो. पिवळा-काळा, पिवळा-काळा. घाईत मारलेला, त्यामुळे निम्मा दगडावर आणि निम्मा डांबरावर. एका वर्षी रस्ता ओलांडताना त्या ओल्या रंगावर माझी चप्पल पडली आणि घरच्या फरशीवर दारापासून मोरीपर्यंत पिवळ्या टाचा उमटल्या. शेजारचे काका पेपर मागायला आले होते. फरशीकडे बघत म्हणाले, "आलं वाट्टे अधिवेशन."

हिवाळी अधिवेशनाबरोबर आणखी एक गोष्ट न चुकता येते, ती म्हणजे चर्चा. नागपूर जर उपराजधानी आहे, आणि उद्या विदर्भ वेगळा झालाच तर पूर्ण राजधानी होणार आहे, तर मग तिला शोभेल असं काही का नको? यंदा ही चर्चा आमच्या घरातच झाली. मेहुणे छत्तीसगडची आखीव राजधानी, नवा रायपूर, बघून आले होते. "काय रस्ते आहेत! सहा-सहा पदरी, एक माणूस नाही रस्त्यावर," असं ते कौतुकानं सांगत होते. आपल्याकडे विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पाच्या बाजूला जागा पडली आहे, तिकडे न्या मंत्रालय, विधानभवन, सगळं. बर्डीतली, म्हणजे सीताबर्डीतली, गर्दी एकदाची सुटेल, हा त्यांचा मुद्दा.

माझं मत नेमकं उलट आहे. ज्या रस्त्यावर माणूस नाही, त्या रस्त्यावर राजधानी कशाला हवी? नागपूरकडे आज जे आहे, ते देशातल्या फार थोड्या आखीव राजधान्यांना जमलं: विधानभवन, उच्च न्यायालय, रेल्वे स्टेशन, बाजार आणि सभेचं मैदान हे सगळं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. ते घालवून नवं काही आखणं म्हणजे घरातली विहीर बुजवून टँकर लावण्यासारखं आहे.

अर्थात हे कुणी ठरवून केलेलं नाही. नागपूर तीनदा राजधानी झालं आणि प्रत्येक वेळी आधीच्या शेजारी झालं. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १७०२ च्या आसपास, नाग नदीकाठच्या वाड्या-वस्त्या जोडून हे गाव वसवलं. त्याच्या मुलानं, चांद सुलतानानं, राजधानी इथं आणली, परकोट बांधला, जुम्मा तलाव बांधला. आज त्याला कुणी गांधीसागर म्हणतं, कुणी शुक्रवारी तलाव. मग भोसले आले, आणि महाल हा भाग भरत गेला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, आप्पासाहेब भोसल्यांची फौज हरली आणि टेकडीवर इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. १८५३ मध्ये वारस नाही या सबबीवर राज्यच खालसा झालं. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, त्याची राजधानी नागपूर.

इंग्रजांनी जुन्या शहरात पाऊल टाकलं नाही. टेकडीच्या पूर्वेला महाल, इतवारी, गल्ल्या, वाडे. पश्चिमेला त्यांनी मोठ्या आवारांचे बंगले, झाडांच्या रांगा आणि कचेऱ्या बांधल्या. १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे आली ती या दोघांच्या मधून. त्या रुळांनी शहराचे जे दोन तुकडे केले, ते आजही आहेत. लग्न जुळवताना "रेल्वेच्या इकडचे की तिकडचे" हा प्रश्न मी स्वतः ऐकलेला आहे. तेव्हा सिव्हिल लाइन्स ही काही लोकांसाठी आखलेली जागा नव्हती, लोकांपासून लांब राहायला आखलेली होती. पण लांब राहण्याची त्यांची कल्पना घोडागाडीच्या काळातली. शहर वाढलं, बर्डीचा बाजार वाढला, आणि साहेबानं जे अंतर ठेवलं होतं ते पंधरा-वीस मिनिटांच्या चालण्याएवढं उरलं. परक्यांनी आखलेल्या जागेचा हा फायदा आपल्याला फुकटात मिळाला.

झिरो माइलचा दगड याच पट्ट्यात आहे. आम्हाला शाळेत सांगितलं गेलं की हा भारताचा मध्यबिंदू. पाहुण्यांना आम्ही अजूनही तेच सांगतो, आणि पाहुणे चार घोड्यांसमोर फोटो काढतात. खरं तर १९०७ च्या सुमाराचा हा दगड सर्वेक्षण खात्याचा आहे आणि त्याचं मुख्य काम उंचीची खूण हे. समुद्रसपाटीपासून १,०२०.१७१ फूट, दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत. आजच्या भारताच्या मध्याचं म्हणाल तर त्यासाठी कटनी जिल्ह्यातल्या करौंदी गावाचं नाव घेतलं जातं. मला यात कमीपणा वाटत नाही. मध्यबिंदू असणं ही नशिबाची गोष्ट आहे. उलट ज्या खांबावर लांबलांबच्या गावांची मैलांतली अंतरं कोरली आहेत, तो खांब विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर असावा, हे जास्त अर्थाचं आहे. तुमचं गाव इथून किती लांब, हा प्रश्न सरकारनं रोज बघावा अशीच ती जागा आहे.

दुसरी एक गोष्ट आम्ही अभिमानानं, आणि थोडं रडत, सांगतो: राजधानीचा दर्जा गमावलेलं नागपूर हे देशातलं एकमेव शहर. हे कटकला सांगून बघा. ओडिशाची राजधानी कटकहून भुवनेश्वरला गेली; तिथं ऑटो कोनिग्सबर्गर नावाच्या जर्मन वास्तुरचनाकारानं नवं शहर आखलं. १३ एप्रिल १९४८ ला त्याची पायाभरणी झाली. किंवा कर्नूलला सांगा. आंध्र राज्याची राजधानी १९५३ पासून कर्नूल होती आणि ती गेली १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे ज्या दिवशी नागपूरची गेली त्याच दिवशी. तिकडे हैदराबाद, इकडे भोपाळ. दुःख एकट्याचं नाही म्हटलं की जरा हलकं होतं, आणि मग नीट विचार करता येतो.

ऐन दिवाळीच्या तोंडावर गेली आमची राजधानी. आमचे आजोबा तेव्हा जुन्या सचिवालयात कारकून. त्यांचे थोरले भाऊही तिथंच. फायली बांधायचं काम कित्येक दिवस चाललं होतं, आणि सगळ्यांपुढे एकच प्रश्न: भोपाळ की मुंबई? थोरले आजोबा भोपाळला गेले आणि त्यांची नातवंडं आज आमच्याशी हिंदीतच बोलतात. आमचे आजोबा राहिले. फायली बांधून उरलेल्या लाल फितीची दोन रिळं त्यांनी घरी आणली होती. सरकारी माल घरी आणल्याची त्यांच्या आयुष्यातली ही एकच घटना, असं आजी म्हणायची. त्या फितीनं आमच्या घरी मच्छरदाणी बांधली जायची, लोणच्याच्या बरणीची दादरी बांधली जायची, एकदा तर माझ्या आत्येच्या वेणीलाही लागली. मी शाळेत जाईपर्यंत एक रीळ उरलं होतं. एका प्रांताची राजधानी होतो याचा आमच्याकडचा पुरावा तेवढाच.

राज्य पुनर्रचना आयोगानं तर वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती बाजूला पडली. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला होता आणि त्यात लिहिलं होतं की सरकार ठरावीक काळासाठी अधिकृतपणे नागपूरला येईल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथं घेईल. यातलं दुसरं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, पहिलं कुणी वाचत नाही. सरकार येईल, म्हणजे नुसते आमदार नाही; खाती येतील, सचिव येतील, निर्णय इथं बसून होतील. आज काय होतं? २०२४ चं हिवाळी अधिवेशन सहा दिवस चाललं. २०२० आणि २०२१ ला ते इथं झालंच नाही, मुंबईत झालं. महामारीचं कारण खोटं नव्हतं, पण सवयही पडते. मंत्र्यांसाठी रामगिरी, देवगिरी, रवी भवन, नाग भवन, शिवाय आमदार निवास, कर्मचाऱ्यांसाठी १६० खोल्यांचे गाळे: एवढं सगळं बांधून ठेवलेलं, आणि त्याचा खरा उपयोग वर्षातून फार तर दोन आठवडे. मेहुण्यांना मी म्हटलं, आधीच्या घरात राहायला कुणी येत नाही आणि तुम्ही दुसरं घर कुठं बांधायला निघालात?

आता आखीव राजधान्यांकडे वळतो, कारण त्यांना नुसती नावं ठेवणं सोपं आहे आणि चूकही. चंदीगडची सावली, मोकळी हवा, सेक्टरच्या आत मुलांना बिनधोक खेळता येईल अशी आखणी, यातलं काहीच आम्हाला जमलेलं नाही. भुवनेश्वरच्या आराखड्यात प्रत्येक युनिटमध्ये शाळा आणि बाजार पायी अंतरावर असावेत हा विचार होता. आमच्या नव्या लेआउटमध्ये शाळेची राखीव जागा शोधायला वकील लागतो. पण सरकार कुठं ठेवायचं, हा प्रश्न आला की आखणाऱ्यांचा हात एका दिशेला वळतो: टोकाला. ल कॉर्बुझिएनं चंदीगड माणसाच्या शरीरासारखं कल्पिलं. विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय म्हणजे डोकं, ते सेक्टर १ मध्ये, शहराच्या उत्तर टोकाला. बाजाराचं सेक्टर १७ म्हणजे हृदय. इमारती जगात नावाजलेल्या आहेत, २०१६ पासून जागतिक वारशात आहेत. पण त्यांच्यामधलं ते प्रचंड काँक्रीटचं पटांगण, जिथं लोक जमतील अशी कल्पना होती, तिथं लोक जमले नाहीत. बाजार लांब, वस्ती लांब. मुद्दाम गेल्याशिवाय तिथं कुणाचं पाऊल पडत नाही. १९९५ मध्ये सचिवालयाच्या दाराशीच मुख्यमंत्री बिअंत सिंग यांची बॉम्बस्फोटात हत्या झाली आणि त्यानंतर बंदोबस्तानं उरलेलीही मोकळीक गेली.

नवा रायपूर तर अगदी जवळचं उदाहरण. छत्तीसगड हा एकेकाळी नागपूरवरून कारभार चालणारा मुलूख. २००० मध्ये राज्य झालं, २०१२ मध्ये मंत्रालय जुन्या रायपूरहून वीसेक किलोमीटरवरच्या महानदी भवनात गेलं. आता समजा बस्तरचा एक शेतकरी जमिनीचा कागद घेऊन निघाला. रायपूरला उतरला की त्याचा प्रवास संपत नाही, अजून एक वाहन शोधायचं आहे. आणि समजा तिथं तो पोचला आणि साहेब जेवायला गेलेले आहेत. तास दोन तास कुठं बसणार? चहा कुठं घेणार, अर्ज कुणाकडून टाइप करून घेणार, झेरॉक्स कुठं? आमच्याकडे हे सगळं आहे. कस्तुरचंद पार्काच्या मैदानाच्या कडेला तर्री-पोहे खाऊन, अर्जाच्या तीन प्रती काढून माणूस पायी संविधान चौकातून विधानभवनाच्या दारात येऊ शकतो.

येऊ शकतो, असं लिहिलं खरं. पण येऊ देतात का?

मॉरिस कॉलेज टी-पॉइंट हे नाव विदर्भातल्या कुठल्याही संघटनेच्या कार्यकर्त्याला विचारा. कॉलेजचं नाव बदललं, पण मोर्चा अडवण्याची जागा याच नावानं ओळखली जाते. २३ नोव्हेंबर १९९४ ला अनुसूचित जमातीत समावेश व्हावा म्हणून गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. गुरं राखणारी माणसं, बाया, कडेवर पोरं. दिवसभर खोळंबले, संध्याकाळी गोंधळ उडाला, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. बायका आणि मुलंच जास्त. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. नाव वाचायला तिथं थांबता येत नाही.

त्या ११४ जणांना मारलं ते विधानभवन शहराच्या मध्यात असल्यानं, असा युक्तिवाद मी ऐकलेला आहे. जागा मोकळी असती, शहराबाहेर असती, तर असं झालं नसतं म्हणे. मला हा युक्तिवाद उलटा वाटतो. मरण आलं ते पुढे रस्ता बंद आणि मागून माणसं येत होती म्हणून. याच शहरात दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं दीक्षा घेतली आणि त्यानंतर अठराच दिवसांनी राजधानी गेली; सरकार गेलं आणि लोक यायला लागले, असा योग. स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत रात्रभर माणसं चालत असतात, डोक्यावर गाठोडं, हातात पोर. वाटेत संस्था, मंडळं, साधी घरातली माणसं टेबलं मांडून पाणी देतात, जेवण देतात, हरवलेल्या मुलांची नावं लाउडस्पीकरवर पुकारतात. आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा मसालेभाताचं पातेलं घेऊन जातात. मग दोन महिन्यांनी, डिसेंबरात, त्यातल्याच कित्येक गावांमधली माणसं पुन्हा येतात: अंगणवाडी सेविका म्हणून, कापूस उत्पादक म्हणून, पेन्शन मागणारे म्हणून. तेव्हा त्यांच्यासाठी शहराकडे काय असतं? बॅरिकेड्स. गर्दी कशी सांभाळायची हे नागपूरला येतं. कुणाची गर्दी सांभाळायची आणि कुणाची अडवायची, एवढंच काय ते ठरवलेलं आहे.

म्हणून विधानभवन हलवण्याऐवजी त्याच्यासमोरचा पट्टा मोकळा करा, असं मी म्हणतो. झिरो माइल ते कस्तुरचंद पार्क हा टापू पायी चालणाऱ्यांचा व्हावा. मेट्रोचं स्टेशन झिरो माइललाच आहे, सीताबर्डीचं अदलाबदलीचं स्टेशन शेजारी. मुंबई-दिल्लीहून येणारा असो की गडचिरोलीहून, इथवर पोचणं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहेत ती शेवटची पाचशे पावलं. निवेदन घ्यायला मंत्र्यानं खाली यावं, आणि ते कुठं, हे ठरलेलं असावं: कस्तुरचंद पार्कातल्या त्या छत्रीखाली का नको? ती जागा दानातून सार्वजनिक झालेली, शहरानं सभांसाठीच वापरलेली. आणि वर्षातले उरलेले महिने या इमारतींचं काय, तर मुंबईत मंत्रालयात खेटे घालायला लावणारी विदर्भाची कामं इथं बसून निकाली काढणारे, सहीचा अधिकार असलेले अधिकारी इथं कायमचे असावेत. नुसती पोच देणारा टेबल नको. तसले टेबल पुष्कळ आहेत.

सीताबर्डीच्या किल्ल्याबद्दलही थोडं. तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी उघडतो वर्षातून तीन दिवस: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. त्या दिवशी खाली रांग टेकडी गणपतीपर्यंत जाते. वरून बघितलं की हे सगळं नकाशासारखं दिसतं: एका बाजूला महालाची कौलं, मधून रूळ, दुसऱ्या बाजूला झाडं आणि त्यांच्यातून डोकावणाऱ्या कचेऱ्या. लांबवर उच्च न्यायालयाचा घुमट. ती इमारत हेन्री मेड यानं काढली, नवी दिल्ली बांधली जात होती तिथं शिकून आलेला माणूस. १९४० मध्ये तिचं उद्घाटन झालं. सोळा वर्षांत उच्च न्यायालय जबलपूरला गेलं आणि या देखण्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ उरलं. लष्कराच्या अडचणी असतील, पण तीन दिवसांचे तीस दिवस व्हायला काय हरकत आहे?

नवी इमारत हवी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य करावाच लागतो. जागा कमी पडते, आणि जुनी गटारं तर अजिबात पुरत नाहीत. जुलै २०१८ मध्ये कित्येक वर्षांनी पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतलं. ६ तारखेला असा पाऊस झाला की विधानभवनाच्या वीजपुरवठ्याच्या खोलीत पाणी शिरलं, सभागृहात अंधार झाला आणि कामकाज थांबलं. शहरभर लोक गुडघाभर पाण्यात होते, पण त्या दिवशी चर्चा झाली ती विधानभवनाच्या दिव्यांची. मी मात्र मनातून खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू. पाच वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत घुसली, आणि बर्डीतल्या तळघरातल्या दुकानांमधून लोक ओला माल उपसत होते. त्या वेळी अधिवेशन नव्हतं. सरकार मिहानच्या माळावर, उंच जोत्यावर बसलेलं असतं, तर २०१८ चा तो अंधार त्याला कधीच दिसला नसता.

गेल्या डिसेंबरात मी स्टेशनच्या पश्चिम दारातून विधानभवनाकडे पायी निघालो, किती वेळ लागतो ते बघायला. एरवी वीस मिनिटं. झिरो माइलपाशी बंदोबस्ताला एक तरुण हवालदार उभा होता, बोलण्यावरून कोल्हापूर-सांगलीकडचा. त्यानं मला थांबवलं, वळसा घालून जायला सांगितलं, आणि मग जरा ओशाळून विचारलं, "काका, ते झिरो माइल कुठं आलं हो? साहेबांनी तिथं उभं राहायला सांगितलंय." तो अगदी त्याच दगडाला टेकून उभा होता. मी दाखवलं. त्यानं मागे वळून चार घोड्यांकडे बघितलं, मोबाइल काढला, मला फोटो काढायला लावला. फोटो बघून झाल्यावर त्यानं बॅरिकेड थोडं सरकवलं आणि म्हणाला, "जावा तुम्ही इकडनंच."